तिरपे होऊन आत या

नगरच्या कापड बाजारात ज्याला थोडंफार पोट आहे, त्याने दुकानातला माल बघण्याआधी दुकानाची रुंदी बघावी. काही दुकानं अशी आहेत की आत जायचं तर आधी आतलं गिऱ्हाईक बाहेर यावं लागतं. मालक गल्ल्यावर बसल्या बसल्या वाहतूक सांभाळत असतो. "वहिनी, जरा भिंतीला सरका, मावशींना बाहेर येऊ द्या. ताई, तुम्ही पायरीवरच थांबा, हिरवं अस्तर बाहेर पडलं की तुमचा नंबर." हिरवं अस्तर म्हणजे हिरवं अस्तर घ्यायला आलेली बाई. अरुंद दुकानात माणूस खरेदीवरून ओळखला जातो. चेहरा बघायचा तर समोरासमोर उभं राहावं लागतं आणि तेवढी जागा नसते.

अशा दुकानाचं तोंड चार-पाच फूट आणि खोली साठ-सत्तर फूट. धंदा बहुधा मॅचिंग सेंटरचा. मालकाला दिवसभर उठावं लागत नाही. डावा हात लांब केला की अस्तर, उजवा हात लांब केला की फॉल. पण रंग जुळवायचा तर उजेड लागतो आणि उजेड पहिल्या सहा फुटांपलीकडे जात नाही. मग साडी, अस्तर आणि गिऱ्हाईक अशी सगळी वरात उन्हात येते. मागून दुचाकीवाला हॉर्न वाजवतोय, आणि भर रस्त्यात एखादी आत्या भाचीला विचारतेय, "हा राणी आहे का गं, का वांगी?" कधीकधी दुचाकीवालाच गाडी बंद करून सांगतो, "आत्या, वांगीच आहे तो." नगरात मत द्यायला ओळख लागत नाही.

बाहेरगावच्या माणसाला वाटतं, बिचाऱ्यांना जागा नाही. हे बिचारेपण बाजारात फुटाच्या भावाने विकलं जातं आणि तो भाव ऐकून सावेडी उपनगरातले बंगलेवाले पाणी मागतात. बंगला कितीही ऐसपैस असो, त्याच्या दारावरून लग्नाचा बस्ता बांधायला निघालेली दहा माणसं जात नाहीत. या चार फुटांवरून आष्टी, पाथर्डी, श्रीगोंदा, पारनेर असा सगळा मुलूख चालत जातो.

ही चिंचोळी घरं कुठल्या आर्किटेक्टने काढलेली नाहीत. ती वाटणीपत्राने काढली आहेत. हिशेब सोपा आहे. आजोबांचा वाडा, दर्शनी छत्तीस फूट. मुलगे तीन. आता खरं तर एकाला पुढचा भाग, एकाला मधला, एकाला मागचा अशी वाटणी झाली असती, तर तिघांनाही हातपाय पसरता येतील अशा खोल्या मिळाल्या असत्या. पण मागचा भाग घेणार कोण? प्रत्येकाला तोंड रस्त्याला पाहिजे. म्हणून वाडा उभा चिरला. प्रत्येकाला बारा फूट तोंड आणि मागच्या बोळापर्यंत लांबी. या तिघांना पुन्हा तीन-तीन मुलगे. बारा भागिले तीन, चार. चार फुटांत पुढच्या पिढीला फक्त उभं राहता येतं, आणि माझ्या मते नगरची निम्मी पोरं पुण्याला गेली त्यामागं शिक्षण, नोकरी वगैरे नंतर. आधी हा भागाकार आहे.

जपानात क्योटो शहरात अशीच लांबुळकी लाकडी घरं आहेत. तिथले लोक त्यांना ईल माशाचं अंथरूण म्हणतात. दर्शनी रुंदीवर कर बसायचा म्हणून लोकांनी तोंड लहान आणि पोट लांब ठेवलं, असं तिथं सांगतात. ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या घरांबद्दलही हीच कथा आहे. तिथलं सिंगेल कालव्यावरचं सात नंबरचं घर तर कालव्याकडून जेमतेम मीटरभर दिसतं, दार लावलं की घर संपलं. म्हणजे जगात घरं अरुंद व्हायला राजाचा कर लागला. आमच्याकडे सख्खे भाऊ पुरले.

वाटणीत जमीन वाटता येते. भांडी वाटता येतात. जिना वाटता येत नाही. सगळं घोडं तिथं अडतं. जुन्या वाड्याला जिना एकच असतो आणि तो कुणा एकाच्याच पट्ट्यात येतो. मग कागदावर लिहितात, "जिन्याचा वापर सामाईक." मराठी भाषेत याहून महागडं वाक्य मी पाहिलेलं नाही. या एका वाक्यावर वकिलांच्या दोन-दोन पिढ्या शिकून मोठ्या झाल्या आहेत. जिन्याखाली चपला कुणी ठेवायच्या, जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर, जिन्याचा कठडा मोडला तर सुतार कुणी बोलवायचा, आणि ज्याच्या पट्ट्यात जिना आहे त्याने खाली शटर लावलं तर बाकीच्यांनी माडीवर जायचं कुठून? यावर उपाय म्हणून उरलेले भाऊ आपापल्या चार फुटांत आपापला जिना बसवतात. जिन्याला अडीच फूट गेले. उरलेल्या दीड फुटात संसार.

बरं, चार फूट म्हणजे तरी आतून चार फूट नव्हेत. वाड्यांच्या भिंती जाड. खाली दगडी जोतं, वर वीट आणि पांढरी माती, त्यावर सागवानी तुळया आणि माळवद. जुन्या लोकांनी घर फुटांत मोजलंच नाही, खणांत मोजलं. दोन खणी सोपा, तीन खणी माजघर. एक खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. वाटणी करणाऱ्याने फूटपट्टी लावली आणि रेघ नेमकी खणाच्या मधोमध गेली. त्यामुळे अशीही घरं आहेत, जिथं थोरल्याच्या खोलीत अर्धी तुळई आणि धाकट्याच्या खोलीत उरलेली अर्धी. तुळईला वाळवी लागली की दोघंही म्हणतात, तुझ्या बाजूने लागली.

जाड भिंतीचा एक फायदा मात्र जुन्या गवंड्यांनी पुरेपूर उठवला. त्यांनी जिना भिंतीच्या पोटातच बसवला. असा जिना ज्याने चढलेला नाही त्याने एकदा चढून बघावा. आत शिरलं की दोन्ही खांदे दोन्ही भिंतींना लागतात. पायरी एकेक हातभर उंच आणि टाच मावणार नाही एवढी अरुंद. पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत. धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर, तोही पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी काळा-तुळतुळीत. तिसऱ्या-चौथ्या पायरीला जिना काटकोनात वळतो, तिथं मिट्ट काळोख, आणि बरोब्बर त्या काळोखात तुळईचं टोक आडवं आलेलं. घरची माणसं तिथं न बघता वाकतात. पाहुणा वाकत नाही. वर माजघरात बसलेल्या आजीला आवाजावरून कळतं, आलंय ते परकं आहे. ती सुनेला सांगते, "चहा टाक, कुणीतरी आलंय." घंटा बसवायची गरज कधी पडली नाही.

लग्न ठरताना मुलीकडचे लोक हुंडा-मानपान बोलत, पण नगरच्या पेठेत जाणकार मामा आधी जिना चढून यायचा. कारण मुलीबरोबर कपाट जाणार असतं. गोदरेजचं लोखंडी कपाट आणि भिंतीतला जिना यांची पत्रिका कुठल्याच गुरुजींनी आजवर जुळवलेली नाही. मग आडते बाजारातून हमाल येतात. आधी बिड्या पेटतात. मुकादम जिन्याकडं बघतो, कपाटाकडं बघतो, आणि मग दोघांकडं पाठ करून सज्जाकडं बघतो. "वरूनच घ्यावं लागंल." सज्जाचा कठडा उतरवतात. माडीवरच्या खांबाला दोरखंडाचा फेरा पडतो. कपाटाला गोधडी गुंडाळतात. खाली गल्ली बंद. "ओढा… हां… डाव्या अंगाला… आरं डाव्या म्हणलं, तुझ्या डाव्या!" कपाट हवेत गिरकी घेतं आणि त्याच्या आरशात एक क्षण समोरच्या घरातलं सगळं स्वयंपाकघर दिसून जातं. समोरची वहिनी खिडकी लावून घेते. शेवटी कपाट वर पोचतं, कठडा परत बसतो आणि ते कपाट त्या घरातून पुन्हा कधीही बाहेर पडत नाही. वाडे पडले तेव्हा बाहेर पडलेली कपाटं मी पाहिली आहेत, त्याआधी नाही.

ॲमस्टरडॅमवाल्यांनी हाच प्रश्न ओळखून घर बांधतानाच माथ्यावर तुळई आणि आकडा बसवला, सामान खिडकीतून घ्यायला. अक्कल तीच, फक्त त्यांच्याकडे आकडा आहे आणि आमच्याकडे मुकादम.

वाटणीतून जे वाचलं ते रस्तारुंदीने गाठलं. पालिकेचा माणूस येतो, भिंतीवर रंगाची खूण मारतो, आणि त्या खुणेपासून पुढचं घर रस्त्यात जमा होतं. वाडा उभा चिरलेला होताच, आता आडवाही कापला. काप ताजा असतो तेव्हा सगळ्या पेठेला त्या घराचं आतलं दिसतं. निळीच्या चुन्याने रंगवलेली भिंत, त्यात देवघराचा कोनाडा, कोनाड्याच्या वर काजळी, आणि दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर हवेतच राहिलेली एक खुंटी, तिला अजून पिशवी. लोक थांबून बघतात. "यांचं स्वयंपाकघर एवढंसंच होतं होय? आणि बोलायच्या तर केवढ्या!" मग महिन्याभरात समोर पत्रा आणि शटर लागतं, आणि उरलेल्या सहा फुटांत मोबाइलची कव्हरं मिळू लागतात.

या बाबतीत कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातल्या एका चिनी व्यापाऱ्याला आपण नगरचं मानद नागरिकत्व द्यायला हरकत नाही. त्याचं नाव चँग टॉय, पेढीचं नाव सॅम की. १९१२ साली तिथल्या नगरपालिकेने रस्ता रुंद करताना त्याच्या तीस फुटांच्या जागेतले चोवीस फूट घेतले. उरले सहा. सगळ्यांना वाटलं, आता हा सहा फूट शेजाऱ्याला विकून मोकळा होईल. त्याने १९१३ साली त्या सहा फुटांवर दुमजली इमारतच उभी केली. तळमजल्याची खोली पाच फुटांना इंचभर कमी, वरचा मजला खिडक्यांसकट थोडा पुढं काढलेला, आणि तळघर थेट फुटपाथखाली. तिथं सार्वजनिक स्नानगृह. जगातली सर्वांत कमी खोलीची व्यापारी इमारत म्हणून तिचं नाव गिनीज बुकात गेलं, आणि तिथं विम्याची कचेरीही थाटली गेली. फुटपाथखाली तळघर! आमच्याकडे फुटपाथवर दुकान मांडणाऱ्यांनी या दिशेने अजून विचार केलेला नाही. हे छापून आल्यावर करतील.

वाटणी आणि रस्तारुंदीनंतर तिसरा प्रकार बोळाचा. दोन वाड्यांच्या मध्ये पूर्वी हात-दोन हात जागा सोडलेली असायची. पागोळ्यांचं पाणी पडायला, मोरीचं पाणी जायला, आणि भर दुपारी मांजरांना भांडायला. या जागेवर मालकी दोघांची आणि झाडायची जबाबदारी कुणाचीच नाही. अमेरिकेत अलेक्झांड्रिया नावाच्या गावात जॉन हॉलन्सबरी नावाच्या गृहस्थाने १८३० साली असाच एक सात फुटी बोळ दोन्ही तोंडांनी बंद करून त्याचं घर केलं, कारण बोळातून गाड्या जात आणि रिकामटेकडे तिथं उभे राहत. गाड्यांच्या चाकांचे ओरखडे म्हणे अजून त्या घराच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर आहेत. नगरी माणसाला हे घर बांधण्यामागचं कारण समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्याची वहिवाट बंद झाली पाहिजे, मग आपल्याला सात फुटांत राहावं लागलं तरी बेहत्तर, हा विचार आम्हाला परका नाही.

पोलंडमध्ये वॉर्सा शहरात २०१२ साली दोन इमारतींमधल्या फटीत एक घर उभारलं. एत्गार केरेत या इस्रायली लेखकाच्या नावाचं. सर्वांत रुंद जागी १५२ सेंटिमीटर, सर्वांत अरुंद जागी ९२. तिथल्या बांधकाम नियमांत हे घर म्हणून बसेना, तेव्हा कागदोपत्री ती कलाकृती ठरवली. ही तोड वाचून मला पोलंडविषयी एकदम जिव्हाळा वाटायला लागला. आमच्याकडे अशा बांधकामाला "तात्पुरते शेड" म्हणतात आणि त्याचं वय विचारायचं नसतं.

आता या जुन्या जागांचं करायचं काय, यावर हल्ली बरेच परिसंवाद होतात. त्यात पुनर्वापर हा शब्द वक्ते नुकताच शोध लागल्याच्या थाटात उच्चारतात. नगरला कुणी हे शिकवू नये. १४९० साली अहमद निजामशहाने वसवलेलं हे गाव. इथं कुठली इमारत ज्या कामासाठी बांधली त्याच कामाला राहिली, असं क्वचितच घडलं. निजामशाहीतला वजीर चंगीझखान याच्या महालात इंग्रजांच्या काळात न्यायाधीशांची कचेरी भरायची. शहा डोंगरावरची सलाबतखानाची तीन मजली अष्टकोनी कबर. तिथं इंग्रजांनी आजारी गोरे शिपाई हवापालटाला ठेवले. आणि नगरकर त्या कबरीला बिनदिक्कत चांदबिबीचा महाल म्हणतात, रविवारी डबे घेऊन जातात. चांदबिबीचा तिच्याशी काही संबंध नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण प्रत्येक सहलीत एक इतिहासाचे सर असतात. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ नेहरू आणि काँग्रेस कार्यकारिणीचे नेते स्थानबद्ध होते आणि नेहरूंनी तिथं एक जाडजूड ग्रंथ लिहून काढला. किल्ल्याचा असा उपयोग होईल हे बांधणाऱ्या हुसेन निजामशहाच्या स्वप्नातही आलं नसेल.

जिल्ह्यात तर याहून मोठं उदाहरण आहे. शिर्डीत नागपूरच्या गोपाळराव बुटींनी वाडा बांधायला घेतला, आणि १९१८ साली तोच साईबाबांचं समाधिमंदिर झाला. आज तिथं लाखोंची रांग लागते. आणि अरुंदपणाचंच बोलायचं तर जिल्ह्यातला उच्चांकही शिर्डीचाच. नानासाहेब डेंगळ्यांनी बाबांना निजायला फळी आणून दिली, चार हात लांब आणि वीतभर रुंद. बाबांनी ती जमिनीवर न टाकता मशिदीच्या आढ्याला चिंध्यांनी झोपाळ्यासारखी टांगली आणि तिच्यावर पणत्या लावून झोपू लागले. चिंध्यांना तो भार पेलतो कसा आणि बाबा वर चढतात कधी, हे बघायला लोकांची गर्दी होऊ लागली, तेव्हा त्यांनी फळी मोडून टाकली. वीतभर जागेत निजणाऱ्या पुरुषाच्या गावात आज लॉजवाला विचारतो, "डबल बेड का ट्रिपल?"

दरवाजाचा प्रश्नही जिल्ह्यानेच सोडवला आहे. चार फुटी खोलीत दार आत उघडलं तर खोली संपते, बाहेर उघडलं तर जाणाऱ्याच्या नाकावर आपटतं. नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारंच न ठेवण्याची रीत, एवढी की २०११ साली तिथं आलेल्या युको बँकेच्या शाखेनेही दाराला कुलूप न लावण्याची तयारी दाखवली. कापड बाजाराला तेवढी श्रद्धा परवडत नाही म्हणून त्याने शटर स्वीकारलं. शटर वर जातं, जागा खात नाही, आणि दुपारी दीड ते चार अर्धं खाली ओढून आत झोपता येतं.

तर चिंचोळ्या जागेत काय चालतं आणि काय चालत नाही, याचा निकाल पेठेने आपला आपण लावला आहे. मॅचिंग सेंटर चालतं. झेरॉक्स चालतं, कारण गिऱ्हाईक बाहेरच उभं राहतं. दागिने पॉलिश करणारा, घड्याळ दुरुस्त करणारा, रबरी शिक्के करणारा, यांना रुंदी लागतच नाही, यांना फक्त कोपर हलायला हवं. सलून चालतं, पण खुर्च्या एकापुढे एक, त्यामुळे पहिल्याची दाढी होईपर्यंत तिसऱ्याला बाहेर पडता येत नाही. तोवर त्याला राजकारण ऐकावं लागतं आणि तो त्यात भरही घालतो. शिकवण्या उत्तम चालतात. बाकं रेल्वेच्या डब्यासारखी एकामागे एक, सर एका टोकाला, आणि शेवटच्या बाकावरच्या पोराला फळा दिसत नसला तरी त्याला पळूनही जाता येत नाही. पालकांना आणखी काय हवं असतं?

व्यायामशाळा चालत नाही. डंबेल्स घेऊन दोन्ही हात फाकवले की दोन्ही शेजारी भांडायला येतात. ब्यूटी पार्लर माडीवर असेल तर चालतं, पण नवरीला सजवून भिंतीतल्या जिन्याने खाली आणताना निम्मी सजावट भिंतीला लागते. हल्ली काही ठिकाणी कॅफे निघालेत. विटा मुद्दाम उघड्या ठेवायच्या, जुना कंदील टांगायचा, आणि पितळी पेल्यात कॉफी द्यायची. पुण्याहून पोरं येतात, भिंतीला टेकून फोटो काढतात. माझं त्यावर एवढंच म्हणणं आहे की ज्या भिंतीला गिलावा नव्हता म्हणून तिथं राहणाऱ्या कुटुंबाला पन्नास वर्षं लाज वाटली, तिच्यासमोर दोनशे रुपयांची कॉफी प्यायची तर किमान कॉफी तरी गरम असावी.

पाट्यांचं निराळंच. चार फुटी दुकानाला चार फुटीच पाटी. त्यात दुकानाचं नाव, मालकाच्या वडिलांचं नाव, आडनाव, "आमची कुठेही शाखा नाही", दोन मोबाइल नंबर आणि गावाचं नाव बसवायचं. पाटी रंगवणारा पेंटर या कामात उभी अक्षरं काढायला शिकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं, तेव्हा बाजारात पहिला प्रश्न निघाला तो पाटीत बसेल का, हा. बसतं. अहमदनगरला सात अक्षरं लागायची, याला सहा. एक अक्षर वाचलं, तिथं एका दुकानदाराने जीएसटी नंबरचा शेवटचा आकडा सरकवला. बोलताना मात्र दोन्ही नावांच्या बाजूचे लोक पूर्वीपासून "नगर"च म्हणतात आणि बसचा कंडक्टरही तेच ओरडतो.

पावसाळा आला की या सगळ्या मौजेवर नोटीस चिकटते. "सदर इमारत धोकादायक असून…" नोटीस मालकाला, भाडेकरूला आणि भिंतीला अशी तीन ठिकाणी लागते. तिघांपैकी एकटी भिंत ती गांभीर्याने घेते. मालक दुरुस्ती करत नाही, कारण भाडं एवढं जुनं आहे की त्यात सिमेंटची गोणी येत नाही. भाडेकरू दुरुस्ती करत नाही, कारण जागा त्याची नाही. आणि भाडेकरू सोडूनही जात नाही, कारण एवढं जुनं भाडं पुन्हा कुठं मिळणार? १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला, १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. मालक-भाडेकरूचं भांडण वयाने या दोन्ही कायद्यांहून मोठं. आश्चर्य वाटेल, पण नगरच्या पेठेत जे चार-दोन जुने खांब, कोरीव तीर आणि भिंतीतले जिने अजून टिकून आहेत, त्याचं श्रेय कुठल्या वारसा समितीला नाही. ते या दाव्यांना आहे. खटला चालू आहे म्हणून पाडता येत नाही. स्थगितीचा हुकूम हा आमच्याकडचा सर्वांत भक्कम खांब आहे.

पण खटले कधी ना कधी संपतात, आणि संपले की आठ दिवसांत जेसीबी उभा राहतो. चिंचोळं घर पाडणं हे रुंद घर पाडण्यापेक्षा वाईट, कारण ते एकटं कधीच उभं नव्हतं. सामाईक भिंतीने ते दोन्ही शेजाऱ्यांना धरून होतं आणि शेजारी त्याला. मधलं काढलं की कडेचे दोघे मध्ये झुकतात. मग त्यांना लाकडी टेकू लागतात, टेकूंना पुन्हा नोटीस, आणि वर्षभरात ओळीने तीन घरं जातात. त्या जागी चार मजली कॉम्प्लेक्स येतं. त्यात लिफ्ट असते, ती बंद असते, आणि जिना पुन्हा अडीच फुटीच असतो. फरक एवढाच की या जिन्यात पाहुण्याचं डोकं आपटत नाही, त्यामुळे चहा वेळेवर येत नाही.

माझं मत विचाराल तर या अरुंद जागा आहेत तशाच धंद्यात राहू द्याव्यात. संग्रहालयं कमी नाहीत, आणि संग्रहालयात अस्तर मिळत नाही. फक्त दुरुस्तीची परवानगी द्यायला पालिकेने तेवढीच घाई करावी जेवढी ती नोटीस चिकटवायला करते, आणि भाडेकरू-मालकांनी निदान माळवदावरची गळती तरी अर्ध्या-अर्ध्या खर्चाने बुजवावी. तुळई कुणाच्या बाजूने कुजली हे नंतर कोर्टात ठरवता येईल. तोवर ती वर राहिली पाहिजे.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी सध्या वाटणीची बोलणी चालू असतील तर एक विनंती. वाडा उभा चिरू नका, आडवा वाटा. ते कुणी ऐकणार नाही हे मला माहीत आहे. तेव्हा निदान कागद करताना सोनं, शेत आणि सासुरवाशिणींची भांडी यांच्या आधी पहिल्या कलमात जिना कुणाचा ते लिहा, आणि "सामाईक" हा शब्द वकिलाला कितीही आवडत असला तरी खोडायला लावा.